गोळीमुळे गोळे येतात का?

तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ॲटोर्व्हास्टॅटिनची स्ट्रिप हातात पडली की सुटे मोजता मोजता प्रश्न येतोच, "काका, या गोळीनं पायात गोळे येतात म्हणे. बंद केली तर चालेल?"

खरं सांगायचं तर मलाही आले होते. वीस मिलिग्रॅम सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात मांड्या भरून यायला लागल्या. वरच्या फळीवरचा खोका काढायला पोराला हाक मारायचो. लोकांना 'परस्पर बंद करू नका' म्हणून दटावणारा मी, गुपचूप गोळी बंद करून बसलो. महिना झाला तरी दुखणं तिथंच. मग डॉक्टरांची बोलणी खाल्ली. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके नॉर्मल, थायरॉईड मात्र मंदावलेलं! त्यानं स्नायूही दुखतात आणि कोलेस्टेरॉलही चढतं. आधी त्याची गोळी लागली, मग ही पुन्हा. आता स्टुलावर मीच चढतो.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं तर गंमतच केली. त्रास होतो म्हणून गोळी सोडलेली ६० माणसं घेतली. वर्षातले चार महिने खरी गोळी, चार महिने तशीच दिसणारी खोटी, चार महिने काहीच नाही. कधी काय, ते उलटसुलट. त्रासाला रोज शंभरपैकी गुण द्यायचे. गोळीविना सरासरी ८, खोटीवर १५.४, खरीवर १६.३. हे २०२० साली छापून आलं. ती माणसं खोटं बोलत नव्हती, दुखत होतंच. पण दुखवणारी बहुतेक धास्ती होती.

म्हणून गोळी अगदी साधीभोळी, असंही नाही. मधुमेहाच्या काठावरच्यांची साखर थोडी वाढू शकते. सेरिव्हास्टॅटिन हे तिचंच भावंड २००१ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं. स्नायूंच्या पेशी फुटून माणसं दगावली होती. जिना चढवेना आणि लघवी चहासारखी झाली, तर मला विचारत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मला धास्ती वेगळ्याच चिठ्ठीची. रोजचं गिऱ्हाईक खोकल्यासाठी दुसऱ्याच डॉक्टरांकडून क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून आणतं. त्यानं ॲटोर्व्हास्टॅटिन रक्तात साचत जातं आणि स्नायूंवर उठू शकतं. मी डॉक्टरांना फोन लावतो. गिऱ्हाईक खोकत म्हणतं, "काका, देऊन टाका ना, रिक्षा थांबलीय."