नोकरीही सोडायची नव्हती, लिहिणंही

माझा पहिला कथासंग्रह निघाला आणि भेटेल तो एकच सांगू लागला, 'मॅडम, आता नोकरी सोडा आणि पूर्णवेळ लिहा.' सांगणारी माणसं प्रेमाची होती. त्याच सुमारास एका दैनंदिन मालिकेच्या लेखनासाठी विचारणाही झाली. मी जिल्हा कोषागारात लेखा शाखेत आहे. २० वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, आणि माझी नियुक्ती २००५ च्या आधीची, म्हणजे जुनी पेन्शन लागू. कागदोपत्री काहीच अडत नव्हतं. तरीही मी नोकरी सोडली नाही. त्या निर्णयाभोवती घर, कार्यालय आणि लिखाण यांची घडी कशी बसवली, ते सांगते. कुठल्या ना कुठल्या टेबलावर बसून लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांना यातलं काही कामाला येईल.

आधी हिशेब केला, कारण तो माझा रोजचा धंदाच आहे. समजा, पुस्तकाची किंमत २५० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची, रॉयल्टी दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाच्या हाती येतात १२,५०० रुपये, आणि कथासंग्रहाच्या ५०० प्रती खपायला वर्षं लागतात. दिवाळी अंकांचं मानधन मिळतं तेव्हा आनंद होतो, पण त्यावर घर चालत नाही. उलट छपाईचा खर्च लेखकाकडूनच मागणारे प्रकाशकही मला भेटले. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, हे त्या वेळी एका ज्येष्ठ कवयित्रीनं सांगितलं होतं. नव्यानं लिहिणाऱ्यांनी पदरचे पैसे घालण्याआधी ती जरूर बघावी.

पण पैसा हे कारण अर्धंच. मालिकेसाठी रोज पानं द्यावी लागतात. प्रसंग कुठे तोडायचा हे जाहिरातीवर ठरतं, आणि पात्र जगणार की मरणार हे प्रेक्षकसंख्येवर. ते काम करणाऱ्यांची मेहनत मी जवळून पाहिली आहे, तिला मी कमी लेखत नाही. माझी कथा मात्र चार-चार महिने नुसती पडून राहते, मग एखाद्या सकाळी हलते. तिला तेवढं थांबू द्यायचं, तर महिन्याच्या महिन्याला दुसरीकडून पगार यायला हवा. हे माझ्या मनात स्वच्छ झालं त्या दिवशी मालिकेला नकार कळवला.

मग नियमांचा प्रश्न आला. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब काळजीनं म्हणाले, 'परवानगी घेतलीय ना? उगाच विभागीय चौकशी लागायची.' मी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ काढून वाचले. खासगी व्यापार किंवा दुसरी नोकरी परवानगीशिवाय करता येत नाही. पण प्रसंगोपात्त साहित्यिक, कलाविषयक कामाला मोकळीक आहे, अट एवढीच की सरकारी कामाला बाधा येता कामा नये. तरीही मी पुस्तकाची माहिती देणारा अर्ज कार्यालयात दिला आणि आवक शिक्क्याची पोच घेतली. तो कागद आजही फाइलला आहे. सरकारी नोकरीत लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे करावं असं मला मनापासून वाटतं, डोक्यावरचं ओझं उतरतं.

नियमांतली दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. कार्यालयात कळलेली माहिती बाहेर जाता कामा नये. आमच्याकडे नवीन पेन्शनधारक ओळख तपासणीसाठी येतात. हातात पेन्शन मंजुरीचे कागद, फोटो, नमुना सही. ओळखखुणेच्या रकान्यात कुणाचा भुवईवरचा तीळ, कुणाच्या हातावरचा भाजल्याचा डाग. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आलेल्या बाईंचं बोट शाईच्या पॅडवर टेकवून कागदावर धरताना त्यांच्या हाताचा कंप आपल्या हातात येतो. अशा वेळी माझ्यातली लेखिका जागी असते, हे खरं आहे. पण त्या बाई माझ्या कथेत येत नाहीत. त्यांचं गाव, मुलांची भांडणं, नवऱ्याचं खातं, यातलं काही येत नाही. त्यांनी ते एका सरकारी खिडकीवर विश्वासानं सांगितलेलं असतं. मी उचलते ती बोलण्याची ढब, वाक्य मध्येच सोडून देण्याची लकब, पिशवीतून कागद काढण्याची पद्धत. ही मर्यादा पाळल्यानं माझ्या कथा गरीब झाल्या नाहीत, उलट पात्रं घडवायला मला जास्त कष्ट घ्यावे लागले आणि ते बरं झालं.

वेळेची घडी बसायला सर्वांत उशीर लागला. फेब्रुवारी-मार्चमध्ये मी एक ओळही लिहीत नाही, हे आधी स्वतःशी मान्य केलं. मार्चअखेरीला अनुदान व्यपगत होऊ नये, म्हणजे न वापरलेला निधी हातचा जाऊ नये, म्हणून सगळ्या कार्यालयांची देयकं एकदम येतात. आक्षेप काढायचे, दुरुस्त होऊन आलेली पुन्हा तपासायची. ३१ तारखेची तर रात्रच होते. त्या दिवसांत लिहायला बसणं म्हणजे दोन्हीकडे अन्याय. सुदैवानं दिवाळी अंकांचं चक्र याच्याशी छान जुळतं. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा माझ्यासारख्या नोकरदार लेखकांचा केवढा मोठा आधार आहे! वर्षातून एक नक्की तारीख समोर असते. एप्रिलमध्ये जुनी टिपणं बाहेर काढते, मे-जूनमध्ये लिहिते, जुलैत मजकूर जातो, आणि ऑगस्टपासून मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रुफं, येऊ लागतात.

त्यात २०२० च्या फेब्रुवारीअखेरीला राज्य शासनाचा पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला. कार्यालय ९.४५ ते ६.१५ झालं, पण सगळे शनिवार मोकळे मिळाले. शनिवारची सकाळ माझी, हे घरात सांगून टाकलं. सांगताना मला संकोच होता, सासूबाईंना नव्हता. 'तू बस गं लिहीत, कुकर मी लावते,' म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं. त्या माझ्या कथा वाचत नाहीत, डोळ्यांना झेपत नाही. पण शनिवारी कुणी आलं की 'ती कामात आहे' असं सांगतात. घरात माझ्या लिहिण्याला काम म्हणणाऱ्या त्या पहिल्या.

मुद्रितं मी स्वतः तपासते, कितीही दमलेली असले तरी. मी युनिकोडमध्ये टंकते, छापखान्यात मजकूर श्रीलिपी या वेगळ्या फॉन्टमध्ये नेतात, आणि त्या बदलात अक्षरं मोडतात. 'वाऱ्यावर' पाठवलेलं 'वार्यावर' होऊन येतं, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. एका कथेत 'दऱ्या'च्या सगळ्या 'दर्या' झाल्या होत्या. डोंगरातल्या कथेत एकदम समुद्र! इथे देयक तपासायची सवय उपयोगी पडते. नजर ओळीवरून घसरत नाही, प्रत्येक अक्षरावर थांबते.

तरीही 'फावल्या वेळातली लेखिका' हा शब्द लागायचा. एका कार्यक्रमात माझी ओळखच तशी करून दिली गेली. तेव्हापासून मी आपल्याच लेखकांकडे पाहते. नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, मग महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. वपु काळे मुंबई महापालिकेत वास्तुविशारद. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीवर. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. यांच्यातल्या कुणालाही आपण फावल्या वेळातला म्हणत नाही. मराठीत नोकरी सांभाळून लिहिणं ही मुख्य वाट आहे, आडवाट नव्हे.

गेल्या वर्षी याची कसोटी लागली. एका अंकाच्या संपादकांचा फोन आला. 'ताई, कथा फार आवडली, पण शेवटी त्या मुलीला आईकडे परत येऊ द्या. दिवाळीचा अंक आहे, वाचकाला बरं वाटलं पाहिजे.' मानधनही नेहमीपेक्षा चांगलं देणार होते. मी त्यांना सांगितलं, की ती परत येत नाही म्हणूनच मी ही कथा लिहिली. त्यांनी आणखी दोनदा समजावून पाहिलं, रागावले नाहीत, मीही नाही. कथा मागे घेतली. ऑगस्ट लागला होता, मोठे अंक भरलेले होते. शेवटी जिल्ह्याच्या गावाहून निघणाऱ्या एका छोट्या अंकानं ती शब्दही न बदलता छापली. मानधन नव्हतं, अंकाच्या दोन प्रती कुरिअरनं आल्या. एक भाऊसाहेबांनी वाचायला नेली आहे, अजून परत दिलेली नाही.