तुम्ही विचारलंत म्हणून: पीएस-टू, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन २ हे गेमिंग मशीन, जुनं जाडं घ्यावं की नंतरचं पातळ, म्हणजे स्लिम?

निपाणीपासून खानापूरपर्यंत जुने गेम जमवणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. उत्तर आकारात नाही, मागच्या किंवा तळाच्या स्टिकरवर आहे. तिथं 'एससीपीएच' आणि पुढं पाच आकडे असतात. सुरुवातीचे आकडे पिढी सांगतात, शेवटचा प्रदेश: ० जपान, १ अमेरिका, ३ ब्रिटन, ४ युरोप, ६ हाँगकाँग-सिंगापूर.

आधी शेवटचा आकडा बघा. जाड्या मशीनचा पॉवर सप्लाय आतच असतो. जपानी मशीन १०० व्होल्टचं, अमेरिकी १२० चं. आपल्या २३० च्या सॉकेटला थेट लावलं की सप्लाय गेलाच. व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतं, पण डिस्कही त्याच प्रदेशाच्या शोधत बसावं लागतं. चालवायला घेणार असाल तर ३ किंवा ४ बरा.

जपानचं २००० सालचं एससीपीएच-१०००० हे खास शोकेसचं मशीन. मागे पीसी कार्डाची (लॅपटॉपमध्ये सरकवायच्या जोड-कार्डाची) खाच, आणि डीव्हीडी प्लेअरचं सॉफ्टवेअर मेमरी कार्डावर टाकावं लागे. ३०००० पासून हार्ड डिस्कची जागा आली. ३९००० मध्ये ती जागाही आहे आणि पुढचा आय-लिंक (मशीनं एकमेकांना जोडायचा) पोर्टही, म्हणून संग्राहक त्याच्यावर तुटून पडतात. ५०००० मध्ये आय-लिंक गेला, रिमोटचा रिसीव्हर आत आला. आय-लिंक वापरतो कोण? रोज खेळायला आम्ही ५०००४ च सुचवू. हार्ड डिस्कच्या जागेचं मागचं झाकण आहे ना, एवढं बघा. भंगारातून आलेल्या मशीनचं हमखास हरवलेलं असतं. हार्ड डिस्कसाठी नेटवर्क अडॅप्टर लागतो. स्वस्तातल्या नकली साटा (नव्या पद्धतीच्या हार्ड डिस्कच्या) अडॅप्टरला बहुतेक वेळा लॅनचा, म्हणजे नेटवर्कच्या केबलचा, पोर्टच नसतो.

स्लिम २००४ मध्ये आलं. ७०००० ला लॅन आत, सप्लाय बाहेर, हार्ड डिस्कची जागा नाही. ७५००० पासून आतली एक चिप बदलली, त्यामुळे मोजके जुने गेम अडतात. ९०००० ला सप्लाय पुन्हा आत गेला, म्हणजे व्होल्टेजची भानगड परत आलीच. स्लिमचं एक दुखणं ठाऊक असू द्या: लेन्सची चपटी केबल वर उचलली गेली की डिस्कला घासते आणि गोल ओरखडा पडतो. पहिल्यांदा टाकाऊ डिस्क लावा, पाच मिनिटांनी काढून खालची बाजू उजेडात धरा.

पैसे देण्याआधी तीन डिस्का लावून बघा: निळ्या पाठीची सीडी, साधी डीव्हीडी, दोन थरांची डीव्हीडी. सीडी आणि डीव्हीडीचे लेसर वेगवेगळे, त्यामुळे एक चालते म्हणून दुसरी चालेलच असं नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सवर बुरशीचा पापुद्रा धरतो; तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीनं हलक्या हातानं निघतो. मेकॅनिक लेन्सजवळचा बारीक स्क्रू फिरवून "झालं बघा" म्हणाला तर सावध व्हा. लेसरचा करंट वाढतो, चार दिवस डिस्क पळते, मग लेन्सच जाते. त्या स्क्रूच्या खाचेवर नवे ओरखडे दिसले तर नव्या लेन्सचे पैसे भावातून वजा करा.

घड्याळ दरवेळी मागं जात असेल तर ती सीआर २०३२ बॅटरी संपलेली. तेवढ्यासाठी सौदा मोडू नका.