भोपळ्याच्या वेलीतली चाळणी

वनस्पतीशास्त्र घेतलेल्या पोरांना फ्लोएमची, म्हणजे पानातली साखर झाडभर नेणाऱ्या ऊतीची, आकृती झोपेतही काढता येते: चाळणीनलिका, तिला खेटून सहपेशी, मधे पॅरेन्कायमा, कडेला तंतू. स्लाइडवर ते सापडवणं वेगळं. पाणी वाहून नेणाऱ्या झायलमच्या भिंतीत लिग्निन हे टणक द्रव्य असतं, त्यामुळे सॅफ्रानिनचा रंग लावला की ते लालभडक उठून दिसतं. फ्लोएमच्या भिंती मऊ; ब्लेड जरा बोथट असलं की सगळं चेंगरून जातं.

मॅडम म्हणाल्या, "सूर्यफूल राहू दे, भोपळ्याची वेल घे." भोपळ्यात झायलमच्या बाहेरच्या अंगाला फ्लोएम असतंच, शिवाय आतल्या अंगालाही असतं. आणि चाळणीनलिका चांगल्या रुंद, साध्या मायक्रोस्कोपच्या हाय पॉवरला चाळणीची, म्हणजे नलिकेतल्या दोन पेशींमधल्या सच्छिद्र पडद्याची, भोकं दिसतील एवढ्या.

ताजी वेल कापली तशी कापल्या जागी थेंब जमला. बोटाला चिकट लागला आणि बघता बघता त्याची जेली झाली. सेक्शन काढले, तर भोकं बुजलेली! खरं तर वेलीने आपलं काम चोख केलं होतं. नलिकेतला साखरेचा रस दाबाखाली असतो. म्युंख या शास्त्रज्ञाने १९३० साली रस वाहण्याचं कारण म्हणून मांडला तो हाच दाब. कापलं की तो एकदम सुटतो, पी-प्रोटीन हे नलिकेतलंच प्रथिन चाळणीवर येऊन अडकतं आणि वर कॅलोज हा भोकं बुजवणारा पदार्थ साचतो. एरवी एका जखमेतून वेलीची सगळी कमाई गळून गेली असती.

म्हणून पुढची वेल मुळासकट उपटून आधी कोमेजू दिली. दाब उतरल्यावर तुकडे करून लगेच अल्कोहोलमध्ये टाकले. आडव्या छेदात चाळणी समोरून दिसणं नशिबाचा भाग, कारण ब्लेड नेमकं दोन पेशींच्या सांध्यावरून जावं लागतं. ॲनिलीन ब्लू लावल्यावर एका सेक्शनमध्ये ती सापडली: गोलसर तबकडी, तिच्यात भोकं, प्रत्येक भोकाला कॅलोजची निळी कड. कोपऱ्यात लहानशी, गच्च भरलेली सहपेशी. पुस्तकातल्या आकृतीत ती उगाच ऐसपैस काढतात.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या सरांनी विचारलं, "नलिका जिवंत म्हणतेस, मग केंद्रक दाखव." मी पॉइंटर सहपेशीवर नेला. दोघी एकाच मातृपेशीच्या लेकी. नलिका पक्व होताना आपलं केंद्रक गमावते आणि पुढे तिचा संसार सहपेशीच्या जिवावर चालतो. सरांनी जर्नलवर सही केली.