टीव्हीमागची डबी

टीव्हीच्या पाठीला चिकटवलेली आमची डबी तळहातावर मावते. आत रास्पबेरी पाय नावाच्या चिमुकल्या कॉम्प्युटरचा बोर्ड, त्यात नखाएवढं मेमरी कार्ड, कार्डावर लिब्रेइलेक नावाची आटोपशीर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, आणि तिच्यावर कोडी हा सिनेमे-गाणी लावणारा प्रोग्रॅम. एका अंगाने हार्डडिस्क, दुसऱ्या अंगाने टीव्हीकडे जाणारी एचडीएमआय केबल. नातेवाइकांची लग्नं, मुंजी, बारशी, गावच्या जत्रेचं शूटिंग, कुणीतरी रेडिओवरून कॅसेटमध्ये भरून घेतलेली नाट्यगीतं, सगळं त्या हार्डडिस्कवर. सोफ्यावर बसायचं, रिमोट दाबायचा आणि बघायचं. निदान कल्पना तशी आहे.

प्रत्यक्षात डबी अधूनमधून रुसते आणि मी स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे शिरते. नवऱ्याचं म्हणणं सरळ आहे. टीव्हीला लावायच्या काड्या मिळतात बाजारात, एक आण आणि मोकळी हो. मिळतात, मान्य आहे. पण त्या काडीवर जगभरातले सिनेमे असतील, अण्णांची साठीशांत नसेल.

तक्रार तरी कुणाकडे करायची? रास्पबेरी पाय केंब्रिजच्या मंडळींनी काढला तो मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून. 29 फेब्रुवारी 2012 ला तो बाजारात आला, किंमत 35 डॉलर. कोडीची जन्मकथा आणखी वेगळी. 2002 च्या सुमारास काही हौशी लोकांनी एक्सबॉक्स हे गेम खेळायचं यंत्र उघडून त्याला सिनेमे दाखवायला लावलं. मेमरी सगळी मिळून 64 एमबी, तेवढ्यात भागवलं. प्रोग्रॅमचं नाव पडलं एक्सबॉक्स मीडिया सेंटर. पुढे तो एक्सबॉक्सवर चालेनासा झाला, बाकी सगळीकडे चालू लागला, नाव मात्र तेच. शेवटी 2014 मध्ये नवीन बारसं झालं, कोडी. म्हणजे शाळेसाठी काढलेला बोर्ड आणि खेळायच्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम यांचा संसार मी आमच्या हॉलमध्ये थाटला आहे. कुरबुरी व्हायच्याच.

पहिली मोठी कुरबूर विजेची. तेव्हा डबीत तिसऱ्या पिढीचा बोर्ड होता. चित्र मध्येच अडखळायचं, हार्डडिस्क टक्-टक् आवाज करायची आणि फोल्डर एकदम रिकामा दिसायचा. पुन्हा चालू केलं की सगळं जागच्या जागी. लक्षणं ऐकून ज्याने त्याने हार्डडिस्क गेल्याचं सांगितलं. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात मात्र एक छोटी पिवळी वीज चमकून जायची. बोर्डाला मिळणारा दाब 4.63 व्होल्टच्या खाली गेला की ती येते.

माझे सासरे, अण्णा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. मल्टीमीटर त्यांच्या कपाटात अजून आहे, आणि तो काढायचा म्हटलं की त्यांची पाठ दुखायची थांबते.

"चार्जर कितीचा?"

"पाच व्होल्ट, अडीच अँपिअर. नवाच आहे, अण्णा."

"चार्जरवर काय छापलंय ते राहू दे. लोड देऊन मोज."

मग मला टेलिफोनच्या लाइनीची गोष्ट ऐकावी लागली. फोन ठेवलेला असताना लाइनवर 48 व्होल्ट, रिसीव्हर उचलला की दाब धाडकन खाली. ठेवलेल्या फोनवर मोजून लाइन चांगली आहे असं म्हणणारा लाइनमन अण्णांच्या मते लाइनमनच नव्हे. तर लोड देऊन मोजलं. बोर्डावर पिनांच्या दोन रांगा असतात. त्यातल्या दुसऱ्या आणि सहाव्या पिनेला मीटरची टोकं लावली की आत पोचलेला दाब कळतो. हार्डडिस्क काढलेली असताना 5.02. हार्डडिस्क लावली, आतली तबकडी फिरायला लागली, आणि आकडा 4.56 वर येऊन बसला. टीव्हीवर पिवळी वीज हजर.

चार्जर बिचारा निर्दोष होता. वायर चोर निघाली. कुठल्याशा ऑफरमध्ये फुकट आलेली, लांबलचक, दिसायला गुबगुबीत. अण्णांनी ती कात्रीने कापून सोलून दाखवली. वरचं रबरच जाड, आत केसासारख्या बारीक सात तारा. वायरीचा रोध पाव ओहम धरा, तिच्यातून दोन अँपिअर जाऊ द्या, अर्धा व्होल्ट वाटेतच संपला. शाळेतलं ओहमचं सूत्र, परीक्षेनंतर प्रथमच भेटलं. रास्पबेरीवाल्यांनी त्या बोर्डासाठी काढलेला अडॅप्टर 5 नव्हे तर 5.1 व्होल्टचा आहे आणि त्याची वायर त्यालाच जोडलेली आहे, सुटी निघत नाही, ती का, हे मला त्या संध्याकाळी कळलं. तो अडॅप्टर आणला. हार्डडिस्क तीच आहे, अजून धडधाकट.

वीज कमी मिळण्याचा प्रश्न सुटला, पण वीज जाण्याचा राहिला. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात. ती परत येते तेव्हा डबी ताबडतोब उठते, पण टीव्ही स्टँडबायला असतो आणि आमचा टीव्ही त्या अवस्थेत कुणालाही ओ देत नाही. एचडीएमआयवर कुणी नाही असं समजून डबी आपलं चित्र जुन्या पद्धतीच्या पिवळ्या पिनवाल्या वाटेने बाहेर पाठवत बसते. संध्याकाळी आई टीव्ही लावतात आणि "नो सिग्नल" बघून मला ऑफिसात फोन करतात. आता ही पिवळी पिन कशासाठी, तर ज्या मुलांच्या घरी जुना डबडा टीव्ही असेल त्यांनाही बोर्ड वापरता यावा म्हणून. हेतू उत्तमच. कार्डावरच्या कॉन्फिग फाइलीत एक ओळ घातली, की समोर कुणी असो-नसो, एचडीएमआयवरच बोल. ऑफिसातले फोन बंद झाले. बोर्डावर घड्याळही नाही, पैसे वाचवायला गाळलेलं, त्यामुळे इंटरनेट येईपर्यंत डबी कालच्याच वेळेत वावरत असते. नव्या, पाचव्या पिढीच्या बोर्डात घड्याळ आलंय म्हणे, त्याची बॅटरी मात्र वेगळी विकत घ्यायची. असो.

खरी परीक्षा साठीशांतीने घेतली.

अण्णांची साठीशांत 2006 सालची, कराडला मंगल कार्यालयात. व्हिडिओवाल्याने दिलेली डीव्हीडी मी हार्डडिस्कवर उतरवली. एकेक गिगाबाइटचे तुकडे, कुणालाही अर्थबोध होणार नाही अशी नावं. पहिल्या पिढीच्या बोर्डावर ती लावली तर होमाचे मंत्र खणखणीत ऐकू येत होते आणि पडदा काळाकुट्ट. फाइल बरोबर होती. डीव्हीडीचं चित्र एमपीईजी-2 पद्धतीने बांधलेलं असतं आणि त्यावर तेव्हा पेटंट होती. बोर्डाच्या चिपला ते चित्र उलगडता येत होतं, पण तेवढा भाग कुलूपबंद ठेवलेला. सगळ्यांकडून पेटंटचे पैसे घेतले असते तर 35 डॉलरचं गणित बिघडलं असतं, म्हणून ज्याला हवी त्याने किल्ली वेगळी विकत घ्यायची, 2 पौंड 40 पेन्स. तुमच्या बोर्डाचा अनुक्रमांक कळवायचा, त्याच बोर्डापुरता एक सांकेतिक आकडा मिळणार. सासऱ्यांच्या साठीशांतीचं दर्शन घ्यायला मी इंग्लंडला दक्षिणा पाठवली. पुढे 2018 मध्ये अमेरिकेतलं शेवटचं पेटंटही संपलं आणि नंतरच्या बोर्डांना त्या किल्लीवाचून डीव्हीडी दाखवण्याइतका दम आला.

चित्र दिसलं, तर अण्णा अक्षता टाकायला हात उचलतात तेव्हा हाताच्या कडेला आडव्या दातऱ्या. हात स्थिर की दातऱ्या गायब. काचेच्या नळीचे टीव्ही एका दमात पूर्ण चित्र काढत नसत. आधी विषम ओळी, मग सम ओळी, अशी सेकंदाला पन्नास अर्धुकं, आपल्याकडची वीजही सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्या हिशोबाने. डोळ्याला फसवायला ते पुरेसं होतं. आजचा सपाट टीव्ही दोन्ही अर्धुकं एकदम मांडतो, आणि त्या दोन अर्धुकांच्या मधल्या वेळात हात थोडा पुढे गेलेला असतो. कोडीत डीइंटरलेस, म्हणजे ही अर्धुकं नीट सांधायची सोय, चालू केलं, दातऱ्या गेल्या.

मग पंगत. व्हिडिओवाल्याने कॅमेरा पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवलाय, आणि तो सरकताना चित्र गचके खात होतं. डबी टीव्हीला सेकंदाला साठ चित्रं देत होती, शूटिंग पंचविसाचं. साठाला पंचविसाने भागून पाहा, 2.4 येतात. म्हणजे कुठलं चित्र दोनदा, कुठलं तीनदा, असा लंगडा ताल. जसा व्हिडिओ तसा टीव्हीचा वेग बदल, असं कोडीला सांगायची सोय आहे. सांगितलं. आता सुरू होताना पडदा क्षणभर काळा होतो, पण पंगत कशी लोण्यासारखी सरकते. आईंना मी मोठ्या उत्साहाने फरक दाखवला. त्या म्हणाल्या, "ही कोण गं, वसूवन्संच्या शेजारी? जिलबीला नको नको म्हणतेय आणि चौथी घेतेय."

शिवाय कडा कापल्या जात होत्या. सुरुवातीच्या पाटीवर "श्री. व सौ." एवढंच यायचं, नावं पडद्याबाहेर. तोही नळीच्या जमान्यातला वारसा. त्या टीव्हीत चित्राच्या कडा वाकड्यातिकड्या यायच्या, म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीमागे लपवायची रीत पडली. नळी गेली, टीव्ही पातळ झाले, कापायची सवय काही सुटली नाही. टीव्हीच्याच मेनूत खोल कुठेतरी "जस्ट स्कॅन" का "स्क्रीन फिट" अशी निवड असते, ती केली की माणसं आपल्या नावानिशी दिसतात.

टीव्हीमागे मान वाकडी करून बसलं की एक लक्षात येतं. यातला जवळजवळ प्रत्येक घोटाळा म्हणजे कधीकाळचा कुणाचा तरी शहाणपणा आहे. ओळी विभागणाऱ्याने चित्र लुकलुकू नये म्हणून विभागल्या, कडा लपवणाऱ्याने घराघरातला टीव्ही नीटनेटका दिसावा म्हणून लपवल्या, घड्याळ गाळणाऱ्याने गरीब घरातल्या मुलाला बोर्ड परवडावा म्हणून गाळलं. ते कारण संपलं, उत्तर तेवढं मागे उरलं. मॅन्युअलपेक्षा ही कारणं शोधण्यात माझा जास्त वेळ जातो, आणि खरं सांगायचं तर नवीन काडी न आणण्याचं तेही एक कारण आहे. ते मी नवऱ्याला सांगत नाही. (वायर मात्र अपवाद. त्या वायरीत कुणाचाही शहाणपणा नव्हता, नुसती तांब्याची चोरी.)

आता डबीत चौथ्या पिढीचा बोर्ड आहे. एचडीएमआयच्याच तारेतून टीव्हीचा रिमोट डबीवरही चालतो, त्यामुळे आईंना दुसरा रिमोट शिकावा लागत नाही. फक्त टीव्ही बंद केला की डबीही बंद होत असे, आणि पुरती झोपलेली डबी रिमोटने उठत नाही. "टीव्ही बंद झाल्यावर काहीही करू नकोस" असं सेटिंगमध्ये निवडलं. मध्यंतरी हार्डडिस्क निळ्या यूएसबी पोर्टात लावली की वायफाय गळायचं. निळं पोर्ट वेगवान, पण त्याच्या वेगाचा विद्युत गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्‌झच्या आसपास पसरतो. इंटेलने 2012 मध्येच त्यावर सविस्तर लिहून ठेवलंय. डिस्क काळ्या पोर्टात हलवली. डीव्हीडीला सेकंदाला फार तर दहा मेगाबिट लागतात आणि काळ्या पोर्टाची कमाल 480, तेव्हा कुणाचंच काही अडलं नाही.

राहता राहिली आमच्या लग्नाची कॅसेट. 1998 ची व्हीएचएस. ती कॉम्प्युटरवर उतरवताना चित्राच्या काही चौकटी वाटेत गळाल्या, आवाज मात्र साउंड कार्डाच्या आपल्या घड्याळाने अखंड भरला गेला. त्यामुळे सीमांतपूजनाला आवाज चित्राबरोबर असतो आणि मग हळूहळू मागे पडत जातो. कोडीत आवाज पुढे-मागे सरकवता येतो, पण सगळा एकाच मापाने. मंगलाष्टकं जुळवली की सीमांतपूजन बिघडतं. उपाय एकच, पूर्ण कॅसेट पुन्हा उतरवायची आणि त्यासाठी चालू असलेला व्हीसीआर शोधायचा. तो मिळेपर्यंत आमच्या लग्नात अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, हार घातले जातात, आणि मग सावकाश "सावधान" ऐकू येतं. नवरा म्हणतो, एवढं एक दुरुस्त करू नकोस, याच्याइतकं खरं रेकॉर्डिंग घरात दुसरं नाही.