लिव्हर व्हीआरमध्ये, पण मागचं-पुढचं कळंना

व्हीआरचा हेडसेट डोक्यावर चढवला की डॉक्टरला पोटातलं सगळं मागचं-पुढचं आपोआप कळतं असा एक समज आहे, विकणारे तर छातीठोक सांगतात. मला ते अर्धंच पटतं. दोन डोळ्यांना जरा वेगवेगळी चित्रं दिली की डेप्थ जाणवते हे व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ लाच आरसे लावून दाखवलंय, पण आपण मागचं-पुढचं ओळखतो ते जास्त करून कोण कुणाला झाकतंय त्यावरून. सात रस्त्याच्या चौकात रिक्षाने अर्धी बस झाकली की एक डोळा मिटूनही कळतं पुढं कोण आहे. सीटीच्या थ्रीडी चित्रात नेमकं हेच जातं, कारण आतलं दिसावं म्हणून आपण लिव्हर पारदर्शक करतो आणि मग आर्टरी (धमनी), व्हेन (शीर), गाठ सगळंच एकमेकांतून दिसायला लागतं. एमआयपी नावाची चित्र बनवायची पद्धत तर अजून वाईट, प्रत्येक किरणावरचा सगळ्यात उजळ ठिपका तेवढा ठेवायचा, तो पुढचा होता की मागचा याची नोंदच नाही.

माझा एक मित्र इथंच रेडिओलॉजी करतो, त्याला माझा व्ह्यूअर, म्हणजे सीटीचं लिव्हर व्हीआरमध्ये दाखवणारं माझं सॉफ्टवेअर, दाखवला तर म्हणाला, "का बे, गाठ व्हेनच्या पुढं हाय का मागं?" आणि कळंना तसा आपोआप मान डावी-उजवीकडं हलवायला लागला. खरा इलाज तोच. डोकं हललं की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी, याला दोन डोळेपण लागत नाहीत. म्हणून ग्राफिक्स जरा साधे चालतील, पण डोकं हलताना चित्र अडखळायला नको.

डोळ्यांची कटकट वेगळीच. हेडसेटच्या भिंगाचा फोकस मीटर-दोन मीटरवर फिक्स, लिव्हर तरंगतंय हातभर अंतरावर, म्हणजे डोळे वळतात जवळ आणि फोकस राहतो लांब, थोड्या वेळात डोकं चढतं. त्यात बुबुळांमधलं अंतर, सरासरी ६३ मिमीच्या आसपास पण माणसागणिक वेगळं, ते सेट न करताच हेडसेट या हातातून त्या हातात फिरतो.

आणि सीटीची स्लाइस, म्हणजे एकेक काप, ५ मिमीची, पिक्सेल ०.७ मिमीचा असेल तर मधलं सगळं कॉम्प्युटरने भरलेलं असतं, कितीपण गुळगुळीत दिसू दे.

जवळचं लाल, लांबचं निळं अशी रंगाची युक्तीपण आहे. पण मेडिकलवाल्यांच्या डोक्यात लाल म्हणजे आर्टरी, निळी म्हणजे व्हेन हे फर्स्ट इयरपासून बसलेलं, लांबची आर्टरी निळी दिसली की घोळ झालाच. त्यापेक्षा मी लांबचं अंधुक करत नेतो आणि गाठीपासून शिरेपर्यंतचं अंतर सरळ मिलिमीटरमध्ये लिहून टाकतो, सर्जनला तसाही तोच आकडा हवा असतो.