चार वर्षांचं कोणीतरी

आज सकाळपासून जुन्या दफनभूमीत होतो. हाताला अजून चुन्याचा वास येतोय.

शेजारचा रस्ता रुंद करताना उंचही झाला, त्यामुळे पावसाचं सगळं पाणी आता आत उतरतं. दगड एका बाजूला कललेत. एका लहानशा दगडावर तर शेवाळाचा थरच होता. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. तारेचा ब्रश किंवा अ‍ॅसिड अजिबात नाही, त्यानं अक्षरंच जातात. तासाभरानं वय दिसलं : ४ वर्षं. नाव अजून लागलेलं नाही. थोडा वेळ हात चालेना.

मागे कोणीतरी तडे सिमेंटनं बुजवलेत. मनापासूनच केलं असणार. पण सिमेंट दगडापेक्षा कडक, आतली ओल बाहेर पडू देत नाही, मग दगडच फुटतो. ते हलक्या हातानं काढून चुना भरायचा. किचकट काम आहे.

‘मेलेल्यांसाठी जिवंतांची जागा का अडवायची?’ असं एकानं विचारलं. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली सरकारी इमारतीच्या जागेवर आफ्रिकी लोकांची, बहुतेक गुलामांची, विस्मरणात गेलेली दफनभूमी सापडली. ४१९ जणांचे अवशेष निघाले. लोकांनी आवाज उठवला, आराखडा बदलावा लागला, २००३ मध्ये त्यांचं सन्मानानं पुन्हा दफन झालं. इमारतही उभी राहिलीच की!

उद्या उरलेल्या रांगेचे फोटो आणि नोंदी. कोवळ्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरंही उठून दिसतात, म्हणून सातच्या आत पोचायचंय. त्या लहान दगडापासूनच सुरुवात करणार आहे.