दुसऱ्याच्या घरी ठेवलेले बियाणे

नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड या उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर डोंगराच्या पोटात असलेल्या बियाणे तिजोरीविषयी लिहिताना बहुतेक जण तिथल्या बर्फाचे वर्णन करतात. 2008 मध्ये सुरू झालेल्या या तिजोरीत उणे 18 अंश सेल्सिअस तापमानात बारा लाखांहून अधिक नमुने जपले आहेत, हे खरेच. पण मला तिथला एक नियम अधिक मोलाचा वाटतो. खोके ज्या संस्थेने ठेवले तिचीच त्यावर मालकी राहते आणि तिच्या परवानगीवाचून यजमान नॉर्वेलाही ते उघडता येत नाही.

या नियमाची कसोटी सीरियातील युद्धात लागली. अलेप्पोजवळच्या इकार्डा या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत, म्हणजे पिकांच्या वाणांच्या संग्रहात, गहू, सातू, मसूर, हरभरा यांचे देशी वाण आणि त्यांचे रानटी भाऊबंद होते. तिथले काम अशक्य होत गेले, पण बहुतेक नमुन्यांच्या प्रती आधीच स्वालबार्डला पोहोचलेल्या होत्या. 2015 मध्ये संस्थेने त्यांतील सुमारे 38,000 नमुने परत मागितले, लेबनॉन आणि मोरोक्को येथे ते पेरून नवे बी धरले आणि 2017 पासून ताज्या बियांच्या प्रती पुन्हा तिजोरीत पाठवायला सुरुवात केली. नुसते थंडीत ठेवून बी टिकत नाही. उगवण घटू लागली की ते शेतात उतरवावेच लागते, आणि निधी कमी पडला की नेमके हेच काम मागे पडते.

नमुना गोळा करताना त्याचा उपयोग कळतोच असे नाही. 1948 मध्ये जॅक हार्लन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी तुर्कस्तानातून आणलेला एक गहू काडीने बारीक, लोळणारा आणि पावासाठी निकृष्ट होता. तो पंधराएक वर्षे दुर्लक्षित राहिला. मग अमेरिकेच्या वायव्य भागात पिवळा तांबेरा पसरला, तेव्हा त्या रोगाला प्रतिकार करण्याचा गुण याच गव्हात सापडला.

अशा वाणांची देशादेशांतील देवाणघेवाण न्याय्य अटींवर व्हावी म्हणून 2001 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2004 मध्ये तो अमलात आला. ठरवून दिलेल्या पिकांसाठी एकच प्रमाणित करारपत्र असल्याने प्रत्येक नमुन्यासाठी दोन देशांना नव्याने वाटाघाटी कराव्या लागत नाहीत, ही त्याची मोठी कमाई आहे. नव्या वाणाच्या विक्रीतला वाटा सामाईक निधीत भरण्याची तरतूदही त्यात आहे. मात्र तो वाण इतरांना पुढील संशोधनासाठी आणि पैदाशीसाठी खुला ठेवला, तर हा भरणा ऐच्छिक ठरतो. ज्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या हे वाण निवडून जपले, त्यांच्या हिताच्या दृष्टीने ही बाजू मला फार कच्ची वाटते.

शिवाय सगळीच पिके तिजोरीत मावत नाहीत. खाण्याच्या केळीत रुजणारे बी नसते, त्यामुळे तिचे वाण जिवंत रोपांच्याच रूपात सांभाळावे लागतात. बेल्जियममधील लूव्हेन येथे असे दीड हजारांहून अधिक वाण परीक्षानळ्यांत वाढवले जातात. ज्या देशात केळीची शेतीच नाही तिथे बागेतले रोग पोहोचत नाहीत, म्हणून ही जागा सोयीची. त्या नळ्यांतील रोपे ठरावीक काळाने हाताने कापून नव्या नळीत लावावी लागतात. दीर्घकाळासाठी बऱ्याच वाणांच्या ऊती उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवल्या आहेत, आणि त्यांचीही प्रत दुसऱ्या देशात, फ्रान्समधील माँपेलिए येथे, सांभाळली जाते.